पंधरा दिवसांची गोळी

माय, तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे मला तुझ्यापुढे बसून वाचून दाखवावं लागलं असतं, तेही वरच्या आवाजात, आणि दोन ओळींनंतर तू म्हणाली असतीस की कागद ठेव बाजूला, तोंडानं सांग. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला जरा थांबावं लागतं. आणि थांबलं की मध्ये ती शिट्टी येते. हो, तीच. गेल्या वर्षापासून माझ्याही कानांत सुरू झाली आहे, दोन्हीकडे, डाव्या बाजूला जास्त. तू म्हणायचीस, कानात कापसाचा जिन चालू हाय, सरकी काढायच्या त्या यंत्रासारखी घरघर. माझा जिन नाही. जुना टीव्ही लावला की चित्र यायच्या आधी एक बारीक आवाज यायचा, तसा आहे, आणि चित्र कधीच येत नाही. कानात बोटं घातली तर तो वाढतो, कारण तो बाहेरून येतच नाही. हे तू मला सांगितलं होतंस. मी तेव्हा मान हलवली होती, पण समजलं काहीच नव्हतं.

मला हिवरखेडची वाडी आठवते ती दुपारची. बाबा विहिरीवरच्या मोटरीकडे गेलेले, भाऊ शाळेत, आणि तू आंब्याखाली बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधते आहेस. केळीच्या खोडाच्या सोपाची ओली दोरी घ्यायची, एक पिळा द्यायचा, टोक खाली खोचायचं, गाठ नाहीच. तुझ्या पाच जुड्या व्हायच्या तोवर माझी एक सुटलेली असायची. एकदा तू चिडून म्हणालीस, "हाताकडं काहून पाहून राहिली? त्याले करू दे ना." पुढे रक्त काढायला शिकले तेव्हा हेच कामी आलं. नस डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाखाली लागली पाहिजे. शिकवणाऱ्या सरांनी ते मोठ्या गंभीरपणे सांगितलं आणि मला मनातल्या मनात हसू आलं, कारण मला ते मेथीवर आधीच शिकवून झालं होतं.

तुझे कान वाजायला लागले तेव्हा मी अमरावतीला लॅबमध्ये नुकतीच लागले होते. तुला रात्रीपेक्षा दुपारचा त्रास जास्त होता. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी सगळं गाव दारं लावून पडतं, पाखरूही बोलत नाही, आणि त्या शांततेत तुझा जिन जोरात चालायचा. लसणाचं तेल टाकून झालं, कान धुऊन आणून झाले, मोहरीची पुरचुंडी शेकून झाली. मग तुला कूलरचा शोध लागला. कूलरच्या घरघरीत तुझ्या कानातलं जरा बुडून जायचं. उन्हाळ्यात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, पण तू दिवाळीनंतरही कूलर लावायला लागलीस, पाणी न टाकता, अंगावर गोधडी घेऊन. बाबा आधी बिलावरून बोलले, मग लोक हसतात म्हणून बोलले. आत्यानं तर बाईला कुणाला तरी दाखवा असं सुचवलं, आणि तो कुणीतरी म्हणजे डॉक्टर नव्हता. तू उठून कूलर बंद केलास आणि त्यानंतर कानांबद्दल घरात बोलायचंच सोडलंस.

अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे मीच नेलं तुला. माणूस वाईट नव्हता, फक्त बाहेर बाकावर गर्दी होती. तेव्हा तुला चक्करही यायची. त्यानं कान पाहिले, एक पांढरी बारीक गोळी लिहून दिली आणि सांगितलं की पंधरा दिवस घ्या, मग येऊन दाखवा. पंधरा दिवसांत तुझी चक्कर गेली. जिन गेला नाही, पण लांब गेला, आणि तुला झोप लागायला लागली. बरं वाटल्यावर आपल्याकडे डॉक्टरकडे परत कोण जातं? चिठ्ठी कुठल्यातरी धुण्यात विरघळून गेली. गोळ्यांची पट्टी मात्र राहिली. भाऊ अकोटला भाजी घेऊन जायचा, तेव्हा पट्टीचा शेवटचा तुकडा खिशात टाकायचा, मेडिकलवाल्याला दाखवायचा आणि तो तीच काढून द्यायचा. कुणी काही विचारलं नाही. साखर आणि चहापत्तीसारखी ती गोळी दर महिन्याला घरात यायला लागली. भाऊ गोळी चुकवत नाही म्हणून आम्ही सगळे त्याचं कौतुक करायचो.

आधी तुझा चेहरा गेला. तू हसायचीस, पण चेहरा मागे राहायचा. मग पावलं आखडली, वाडीच्या धुऱ्यावरून, बांधावरून, तू चालायचीस ते जणू पायाला सुतळी बांधल्यासारखं. मग हात. भावाची बायको मला फोनवर म्हणाली की मामीजी, म्हणजे तू, आजकाल जुड्या बांधत नाहीत, नुसत्या निवडतात. मी म्हटलं, वय झालं. मी तेव्हा रोज लोकांचं रक्त तपासत होते, यंत्रातून आकडे काढत होते, आणि माझ्या आईबद्दल मला एवढंच सुचलं की वय झालं. कितीसं होतं तुझं वय? आज माझं आहे त्याहून फार नव्हतं.

एका दिवाळीचं मला अजून दिसतं. तू चुलीपुढे बसली आहेस. गॅस होता, पण भाकरी तू चुलीवरच करायचीस. ज्वारीचा गोळा परातीत थापते आहेस आणि हात थरथरून भाकरीची कड फाटते आहे. एकदा फाटली, गोळा मोडून परत मळलास. दुसऱ्यांदा फाटली. मी परात माझ्याकडे ओढली. तू ओढू दिलीस, हेच मला लागलं, कारण तू कधी कुणाला परात दिली नव्हतीस. तू हात पदराला पुसलेस, डबा उघडून गोळी काढलीस, पाण्याच्या घोटाबरोबर घेतलीस आणि चुलीकडे पाहत म्हणालीस, "हात गेले तं गेले. झोप तं येते." मला वाटलं तू म्हातारपणाचं बोलते आहेस. मी भाकरी थापत राहिले.

नंतर एका डॉक्टरनं त्याला कंपवात म्हटलं आणि त्या गोळीच्या सोबतीला आणखी एक गोळी आली. तू मोटरीपाशी पडलीस, खुबा मोडला, आणि तो पावसाळा तुला निघाला नाही. आम्ही सगळ्यांना सांगितलं की आई कंपवातानं गेली. अजूनही तसंच सांगतो. भावाला मी खरं काय ते सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, पट्टी आणणारा तो होता.

मला खरं कळलं ते याच वर्षी. शिट्टी सुरू झाल्यावर मी आधी आपल्या लॅबवाल्यांच्या सवयीनं सगळं तपासून घेतलं, जीवनसत्त्वाच्या सुया घेतल्या, मोबाइलवर पंख्याचा आवाज लावून पाहिला. गुडघ्यासाठी घ्यायची ती दुखण्याची गोळी बंद केली, कारण तीही काहींचे कान वाजवते असं कळलं. ओळखीच्या एका डॉक्टरनं झोपेची गोळी दिली, तिनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जीभ जड, आणि घाबरून ती एकदम सोडली तर शिट्टी दुप्पट. शेवटी चक्करही यायला लागली तेव्हा इथल्याच एका कानाच्या डॉक्टरकडे गेले. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची, पण घाई न करणारी. तिनं काचेच्या खोलीत बसवून कान मोजले आणि साफ सांगितलं की ताई, हा आवाज घालवायची गोळी जगात कुणाकडे नाही. कानात औषधाची सुई देतात काही ठिकाणी, पण तुमच्या जुन्या दुखण्यात तिचा उपयोग नाही आणि पडद्याला धोका आहे. कानाचं मशीन लावून पाहा, शांततेत बसू नका, सवय होईल. चक्कर येते म्हणून थोडे दिवस ही घ्या. मी दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमधून पट्टी घेतली आणि सवयीनं उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. कंपनी वेगळी, आतलं औषध तुझ्या पट्टीवरचं, तेच.

मी तशीच वर गेले. माझी आई ही गोळी घेत होती, म्हटलं. किती दिवस, तिनं विचारलं. मी म्हटलं, दिवस नाही, वर्षं. तिनं पेन खाली ठेवलं. मग तिनं जपून जपून सांगितलं की ही फार दिवस घेतली, त्यातून वय असलं, तर हातपाय आखडतात, कंप येतो, चेहरा थिजतो, मनही खचतं. मी न विचारता उठायला हवं होतं, पण मी विचारलं की बंद केली असती तर? "बऱ्याच जणांचं परत येतं, ताई," ती म्हणाली. "हळूहळू, पण येतं." मला तिचा राग आला. तिची काही चूक नसताना आला.

तुला कुणी हे सांगितलं नव्हतं, तरी तू ओळखलं होतंस. चुलीपुढचं ते वाक्य वयाबद्दल नव्हतं, सौद्याबद्दल होतं. मला आधी तुझी चीड आली, की एका शब्दानं बोलली असतीस तर! मग मी ती गोळी पंधरा दिवस घेतली, आणि माय, मला झोप लागली. कितीतरी महिन्यांनी मी सकाळी उठले आणि मला मी आहे असं वाटलं. सोळाव्या दिवशी बंद केली. चार दिवसांत शिट्टी होती तिथे येऊन बसली, हक्काच्या माणसासारखी. मशीन लावून पाहिलं, त्यानं लोकांचं बोलणं मोठं झालं आणि माझ्या डोक्यातलं तेवढंच राहिलं. सवय होईल म्हणतात. कुणाची होत असेल. मी खालच्या मेडिकलमध्ये गेले आणि गोळी मागितली. माझ्या अंगावर लॅबचा पांढरा कोट होता, मेडिकलवाल्यानं काहीच विचारलं नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. डॉक्टरकडे मी परत गेलेली नाही, काय म्हणेल ते मला पाठ आहे. मी खचले आहे, पण हे खचणं कानाचं की गोळीचं ते मला ठरवता येत नाही, आणि ज्या डोक्यानं ठरवायचं तेच बिघडलेलं आहे. माझ्याजवळ विद्या म्हणून हाताशिवाय दुसरं काही नाही. मेळघाटातून रक्त कमी झालेल्या बाया येतात, लहान लेकरं येतात, ज्यांची नस कुणाला सापडत नाही त्यांच्यासाठी मला आतून बोलावतात. हात गेला तर मला कुणी बोलावणार नाही. हे सगळं मला कळतं. तुला जेवढं कळत होतं त्याहून कितीतरी जास्त कळतं, आणि फरक काहीच पडत नाही. वाचून झाल्यावर हे कागद मी फाडणार आहे, मुलीच्या हाती लागले तर ती मला ओढत दवाखान्यात नेईल, आणि ती बरोबरच करेल.

काल सकाळी धामणगावहून एक बाई आली होती, गाडीनं, उपाशीपोटी. तुझ्यासारखीच उन्हात रापलेली. मी पट्टा बांधला, सुई लावली आणि चुकले. पुन्हा लावली, पुन्हा चुकले. मी तिला म्हटलं, मावशी, नस फार बारीक आहे तुमची. ती बिचारी ओशाळून म्हणाली, "तुमाले उगाच तरास झाला बाई माह्यापायी." नस बारीक नव्हती, माय. चांगली जाड, वर आलेली नस होती, जन्मभर काम केलेल्या हाताची. मी शिकाऊ मुलीला बोलावलं, तिला ती पहिल्याच फटक्यात मिळाली. घरी आल्यावर मी जेवले आणि गोळी घेतली.