दाराची वीट

ती. आबांना,
तुमच्या कामाच्या टेबलापासून चार हात लांबूनच नमस्कार.

मी मजेत आहे. जरा बारीक झालेय, पण ते आईला सांगू नका. घड्याळं दुरुस्त करताना तुमच्या डोळ्यांना आता जुनं भिंग पुरतं का?

प्रयोगशाळेत सध्या एक नाजूक प्रयोग चाललाय. तारेला टांगलेले छोटे गोळे शेजारच्या जड गोळ्यांकडे किती ओढले जातात, ते मोजायचं. जवळून कुणी चाललं तरी सगळं बिघडतं. काल माझ्या जोडीदारणीने येताना दार आपटलं आणि तीन तासांची मेहनत पाण्यात गेली. मी तिला नाही नाही ते बोलले. बिचारी रडली.

मग आपल्या घरचं दार आठवलं. तुम्ही घड्याळ उघडलं की आम्हाला हलूही द्यायचा नाहीत. एकदा त्या रागात मी दार आपटलं आणि दोष वाऱ्यावर ढकलला. तुम्ही अर्धा दिवस जमिनीवर बसून उडालेली स्प्रिंग शोधलीत. संध्याकाळी मला न रागावता फक्त दाराला वीट लावलीत.

ती अजून तिथेच असेल. काढून टाका, आबा. वारा सध्या इकडे शिकायला आलाय.

तुमची,
धाकटी