न सापडलेली पानं

१० जून २०२५

ऑफिस. येताना नाशिक रोडला उतरून दोडकी आणली. कुकर लावला. जेवलो.

श्यामलाच्या साइटवर एक मेल आली आहे. ती गेल्यापासून तिच्या मेल मीच उघडतो – वाचतो, बंद करतो. आजची वेगळी. पुण्याच्या कुणी बाई. 'तुमच्या रानभाज्यांच्या साइटवर वाचून शेवळाची भाजी केली. घरात सगळ्यांचे घसे खाजताहेत. सासूबाई बोलत नाहीत. घशामुळे की रागामुळे, कळायला मार्ग नाही.'

हसलो. किती महिन्यांनी!

शेवळाचं पान उघडलं. श्यामलाने स्पष्ट लिहिलंय – काकड घातल्याशिवाय शेवळं शिजवू नका, घसा धरतो. काकड म्हणजे काय ते इथे पाहा. त्या 'इथे'वर दाबलं. पानच नाही! रिकाम्या टोपलीचा फोटो, खाली 'चुकलात ना?' आणि ऐकण्यासाठी एक छोटं बटण.

तिचा आवाज असणार. नाही दाबलं.

१२ जून

मनीषाताईंना फोन केला. श्यामलाच्या शाळेत त्या कॉम्प्युटर शिकवतात, साइट दोघींनी मिळून उभी केलेली.

'भावजी, तुम्ही आपणहून फोन? थांबा, सूर्य कुठे उगवलाय बघून येते.'

मग समजावलं. श्यामला पानांची नावं सारखी बदलायची. 'स्वयंपाकघरात डबे हलवायची ना, तसंच. तुम्हाला साखर सापडायची का कधी?' – नाही सापडायची. नाव बदललं की जुने दुवे जुन्याच पत्त्यावर जातात. तिथे कुणी नसतं. काकडीचं – चुकलं, काकडाचं – पान तर तिने नव्याने लिहायचं म्हणून काढूनच टाकलं होतं. ते राहिलं.

आणखी एक गंमत दाखवली. लोकांनी मागितलेली आणि न सापडलेली पानं साइट स्वतःच टिपून ठेवते. यादीच! किती वेळ वाचत बसलो. काकड. कर्टुली. कुणी 'कांदा भाव' मागितलाय – तो देवळ्याकडचा कुणी कांदेवाला असणार. कुणी 'नोकरी'. रानभाज्यांच्या साइटवर नोकरी कशाला शोधत असेल माणूस?

आणि 'आई'. पुन्हा पुन्हा. अशी भाजी असते?

१५ जून

रविवार. स्वानंदीचा पुण्याहून फोन.

'जेवलात, बाबा?' 'हो. तू?' 'हो.' 'बरं.' 'ठेवू?' 'ठेव.'

आमच्या घरात बोलणारी एकच होती. स्वानंदी माझ्यावर गेली आहे. श्यामला मध्ये होती तोवर आम्हा दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं – 'अगं, बाबा म्हणत होते', 'अहो, स्वानंदीला वाटतंय'. आता रविवारचा हा फोन तेवढा उरलाय, आणि तोही आटत चाललाय. एक दिवस येणार नाही. त्याची भीती वाटते. हे तिला सांगता येत नाही.

१७ जून

रजा टाकून हरसूलच्या बाजाराला गेलो. काकडाचा फोटो हवा होता. आणि खरं म्हणजे मलाच बघायचं होतं, ते असतं कसं.

श्यामला जिच्याकडून भाज्या शिकली ती नवसाबाई लगेच सापडली. मला ओळखलं! मागे दोनदा पिशव्या धरून उभा होतो, तेवढ्यावरून.

'बाई नाय आल्या?'

सांगितलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, 'लय इचारायच्या. येक भाजी घेयाच्या आन् दहा गोष्टी इचारायच्या.'

मग शेवळाची जुडी बांधली आणि वर न मागता मूठभर हिरवी आंबट फळं टाकली. तीच काकडं. 'संगं द्याचीच आसतात. नुसती शेवळं इकली तं गिऱ्हाईक घरून शिव्या देतं.'

फोटो काढायला लागलो तर पदर सावरून बसली. म्हटलं, तुमचा नाही, फळांचा. 'मंग माझा काढाया काय पैशे पडत्यात का?' – तिचाही काढला.

'आई नावाची भाजी असते का हो?'

आजूबाजूच्या बायासुद्धा हसल्या. 'आईच्या हातची आसती, दादा. आई नावाची नाय बा.'

१९ जून

काकडाचं पान लिहिलं. माझी भाषा ऑफिसच्या टिपणीसारखी होते. दोनदा खोडलं. नवसाबाई बोलली तेच शेवटी घातलं. दुवा जोडला. दाबून पाहिला – उघडला! पुन्हा दाबून पाहिला.

पुण्याच्या बाईंना कळवलं. तासाभरात उत्तर. 'आभार. सासूबाई बोलायला लागल्या. तेवढं मात्र आधीचंच बरं होतं.'

२२ जून

या कामात मन लागतंय. ऑफिसमधून आलो की यादी उघडतो. एकेक तुटका दुवा जोडतो. त्या निमित्ताने तिची सगळी पानं वाचून होताहेत. ती असताना कधी वाचली नव्हती. ती वाचून दाखवायची, मी 'छान' म्हणायचो.

आज स्वानंदीचा फोन जेमतेम झाला. दुपारी मनीषाताई आल्या. त्यांनी एक युक्ती दाखवली. ज्याला पान सापडणार नाही, तो माणूस थेट मुखपृष्ठावर जाईल असं करता येतं. 'मग ती रिकामी टोपली कुणाला दिसायलाच नको. तक्रार नाही, काही नाही.' करून टाकलं. एकदम स्वच्छ वाटलं.

'आई'चं त्यांनाही कळेना. रोज कुणीतरी मागतंय. कधी दिवसातून दोनदा. 'चुकून टाइप होत असेल हो, भावजी.' रोज तीच चूक?

२४ जून

मंगळवार असून स्वानंदीचा फोन! मी घाबरलोच.

'बाबा, साइटवरची टोपली कुठे गेली?'

ती साइट बघते हेच मला माहीत नव्हतं. आनंद झाला. सगळं सांगत सुटलो – काकड, हरसूल, नवसाबाई. इतकं मी तिच्याशी कधी बोललो नसेन. म्हटलं, आता कुणी चुकणारच नाही. कोण काय मागतं आणि काय सापडत नाही, ते सगळं मला दिसतं.

'सगळं?'

'हो.'

'बरं. ठेवते.'

फोन ठेवल्यावर ओट्याशी उभा होतो. भात करपल्याचा वास आला तेव्हा लक्षात आलं. भाताचं, आणि दुसरंही.

२५ जून

सकाळी पहिलं काम – टोपली परत आणली. मनीषाताईंना न विचारता. जमलं.

मग पत्त्यापुढे 'आई' लिहिलं. टोपली आली. ते बटण दाबलं.

'चुकलात ना? होतं असं. घाबरायचं नाही. शोधताय ते इथे नाही, पण मी आहे की. पुन्हा विचारा.'

मागे कुकरची शिट्टी. आणि माझा आवाज – 'अगं, माझा चष्मा?' आणि ती हसते. तिथे संपतं.

पोर रोज 'आई' मागत होती, आणि हे ऐकत होती. आम्ही दोघंही आहोत त्यात. मी मात्र तीन दिवस दार लावून घेतलं होतं. वर सांगितलं, मला सगळं दिसतं.

तिला फोन लावला. वाजायच्या आत बंद केला. काय म्हणणार?

२८ जून

यादीत 'आई' नाही. कालही नव्हती. परवाही नाही.

मी बघतो हे कळल्यावर कोण मागेल?

२९ जून

रविवार. फोन आला नाही. मीच केला. 'सबमिशन आहे बाबा, नंतर करते.' नंतर आला नाही.

टोपली परत आलीय, हे सांगायचं ठरवलं होतं. तिने फोन ठेवला तरी शब्द तोंडातच.

१ जुलै

सकाळी यादी उघडली. एकच नवीन ओळ. 'बाबा'.

असं पान नव्हतं. तयार केलं. बराच वेळ लागला आणि दोनच वाक्यं झाली – 'स्वानंदी, मी इथे आहे. मलाही तिच्याशिवाय करमत नाही.' दुवा दाबून पाहिला. उघडतो.

मग दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या.