काळे ठिपके न भरण्याबाबत

प्रति,
मा. संचालक (गुणवत्ता),
कृत्रिम सांधे तपासणी केंद्र,
दुसरा मजला, गालिचा असलेली खोली.

विषय: खुब्याच्या गोळ्यांच्या सूक्ष्मदर्शक चित्रांतील काळे ठिपके आहेत तसे ठेवून अहवाल देण्याची परवानगी सोमवारपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपला तोंडी आदेश. २) तो लेखी मिळावा या माझ्या विनंतीवर आपण दिलेला दुसरा तोंडी आदेश.

महोदय,

मी तळमजल्यावरील सूक्ष्मदर्शक कक्षाची प्रमुख. आपण आमच्या कक्षात उद्‌घाटनाच्या फितीपलीकडे आलेला नाहीत, म्हणून तेथे काय चालते हे प्रथम नमूद करते.

१. निकामी खुब्यात बसवायचे धातूचे गोळे तबकांत मांडून आमच्याकडे येतात. गोळा डोळ्यांना आरशासारखा दिसतो. फरक एवढाच, की आरशात पाहून माणूस फार तर स्वतःवर खूश होतो. गोळ्यावर त्याला जन्मभर उभे राहायचे असते. आम्ही गोळ्यावर उजेड सोडतो, परतलेला उजेड कॅमेऱ्यात धरतो, आणि सॉफ्टवेअर त्यावरून गोळ्याच्या अंगावरच्या टेकड्या आणि घळी रंगवून दाखवते. पण चर खोल आणि कडा उभी असली, की आत गेलेला उजेड माघारी येत नाही. तेवढ्या जागी सॉफ्टवेअर काळा ठिपका ठेवते. म्हणजे ‘येथले मला ठाऊक नाही’ असे सांगते. इतके प्रामाणिक वाक्य या इमारतीत दुसऱ्या कोणी उच्चारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

२. याच सॉफ्टवेअरमध्ये ‘रिकाम्या जागा भरा’ अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली, की सॉफ्टवेअर प्रत्येक काळ्या ठिपक्याच्या शेजाऱ्यांची सरासरी काढून तो भरून टाकते. शेजारी गुळगुळीत, तर तोही गुळगुळीत. परिणामी गोळ्याची जखम जितकी खोल, तितकी ती चित्रात साफ बुजते. आपल्या भाषेत याला सारवासारव म्हणतात. सॉफ्टवेअरवाल्यांनी तिला चौकट दिली आहे, इतकेच. हे शिकवायला आलेले गृहस्थ स्पष्ट म्हणाले होते, “भरलेलं चित्र दाखवायला, न भरलेलं मोजायला.” दुर्दैवाने पहिले अर्धे वाक्य ऐकून झाल्यावर आपण चहासाठी उठलात. संपूर्ण केंद्र तेव्हापासून त्या अर्ध्या वाक्यावर चालले आहे.

३. काळे ठिपके ‘घाणेरडे दिसतात’ म्हणून ते भरूनच मोजमाप करावे, असा आपला आदेश झाला. पुढे, लाल रंग पाहून पाहुणे दचकतात म्हणून लालाच्या जागी हिरवा घालण्यास आपण सांगितलेत. आता आमच्या पडद्यावर टेकडीही हिरवी आणि घळही हिरवी. गुरे सोडली तर चरतील. अशाच एका चित्राला आपण सोनेरी चौकट करवून ते आपल्या खुर्चीमागे लावले आहे. येणारा प्रत्येक जण ‘वा, काय सुंदर’ म्हणतो, असे आपला शिपाई कौतुकाने सांगतो. ते चित्र ज्या गोळ्याचे आहे, त्याच्याविषयी पुढे लिहीत आहे.

४. तो गोळा माझ्या आत्याच्या खुब्यात बसवला होता.

आई आजारी असताना आत्याने मला वाढवले. ज्या खुब्यात तो गोळा गेला, त्याच बाजूला मला कडेवर घेऊन ती स्वयंपाक करी, भांडी विसळी, जिने चढे. पोरगी जड झाली, खाली ठेव, असे शेजारणी म्हणत. ती म्हणे, “जड झाली तर माझ्या अंगाला, तुमच्या का पोटात दुखतंय?” गोळा बसवल्यावर थोडे दिवस ती बरी चालली. नंतर म्हणू लागली, “आत कुणीतरी खडे दळतंय गं.” खोलीतून आधी तिच्या खुब्याचा आवाज बाहेर येई, मग ती. शेवटी गोळा काढावा लागला. आज ती रुग्णालयात तात्पुरत्या गोळ्यावर पडून आहे, आणि काढलेला गोळा नियमाप्रमाणे तपासणीस माझ्याच टेबलावर आला.

मी न भरता मोजले. चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळ्या ठिपक्यांची सलग ओळ निघाली, वारूळ सापडलेल्या मुंग्यांसारखी. पॉलिशच्या कापडात कठीण कण अडकला, तर तो तबकातल्या प्रत्येक गोळ्यावर हीच रेघ ओढतो. म्हणून त्या तबकातले शिल्लक गोळे काढून पाहिले. सर्वांवर तीच मुंग्यांची ओळ आहे. सर्वांवर आपल्या कार्यालयाची ‘उत्तीर्ण’ अशी हिरवी चिकटपट्टीही आहे. त्यांतलाच एक सोमवारी आत्याच्या खुब्यात जायचा आहे.

५. हे मी आपल्या बैठकीत मांडले. आपण ठिपके भरून तेच चित्र पडद्यावर आणलेत, आणि टेबलाभोवतीच्या सर्व माना एकदम हलल्या. निष्कर्ष असा नोंदला गेला: ‘गोळा उत्तम. रुग्णाची चाल सदोष.’ सदर रुग्ण माझी आत्या असल्याने माझे मोजमाप भावनेने दूषित आहे, असेही आपण म्हणालात. महोदय, आत्या माझी आहे. चर आपल्या केंद्राचा आहे. ती शेजारीण असती तर तो एका केसानेही उथळ झाला नसता. शंका असल्यास दुसऱ्या कोणाही तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावे, फक्त त्या चौकटीवरची खूण काढून.

हा निष्कर्ष मी आत्याला सांगितला. तिला रडण्यापेक्षा ओव्या जुळवायची सवय आहे. ती म्हणाली:

सरळ माझी वाट, वाटेला नाही दोष
गोळ्याच्या पोटी चर, चालीवरी का गं रोष

अर्जात ओवी बसत नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्या अहवालात चर बसत नाही, त्यापेक्षा हा अपराध लहान समजावा.

६. तरीही भरण्याचीच पद्धत योग्य असे आपले मत कायम असेल, तर ती एकट्या गोळ्यांपुरती का ठेवावी, अशी नम्र पृच्छा आहे. मागील दाराच्या जिन्याची एक पायरी तुटली आहे. वरची आणि खालची शाबूत असल्याने सरासरीने तीही शाबूत धरावी आणि आपण त्या जिन्याने उतरावे. तसेच आपण जागेवर नसता तेव्हा आपली खुर्ची हाही एक काळा ठिपकाच असतो. शेजारच्या दोन कारकुनांची सरासरी काढून ती आम्ही अनेकदा भरली आहे. काम त्या दिवशी लवकर आटोपते, आणि कोणाची चाल सदोष ठरत नाही.

७. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे जुनी माणसे सांगत. आपण कोंबडे झाकलेत आणि वर हिरवा रंगही दिलात. तरी विनंती एवढीच: (अ) ठिपके न भरता केलेला अहवाल ग्राह्य धरावा. (आ) सदर तबक रद्द करून रुग्णालयास आजच कळवावे आणि आत्यासाठी दुसऱ्या तबकातला, न भरता मोजलेला गोळा द्यावा. (इ) ‘रुग्णाची चाल सदोष’ हे वाक्य खोडावे. जी बाई दुसऱ्याचे मूल कडेवर घेऊन जिने चढली आणि एकदाही धडपडली नाही, तिची चाल ठरवण्यास गालिच्यावरून चालणारे अधिकारी अपुरे आहेत.

सूक्ष्मदर्शक कक्षप्रमुखाच्या सहीशिवाय कोणतेही तबक इमारतीबाहेर जात नाही, हा नियम आपल्याच कारकिर्दीतला असून तो अद्याप रद्द झालेला नाही. आत्याचा गोळा आपल्या आदेशाने भरलेल्या चित्रावर माझ्याच सहीने बाहेर गेला; त्या तबकातल्या शिल्लक गोळ्यांच्या अहवालावर मी सही केलेली नाही. ती जागा रिकामी आहे आणि रिकामीच राहील. ती शेजाऱ्यांच्या सरासरीने भरू नये.

उत्तराची वाट तळमजल्यावर, दिवा लावून पाहत आहे.

आपली आज्ञा येथवर पाळलेली,
(सही)
प्रमुख, सूक्ष्मदर्शक कक्ष

दिनांक: शुक्रवार, कार्यालय उघडताच

सोबत:
१) गोळ्याचे न भरलेले चित्र, मुंग्यांसह.
२) त्याच गोळ्याचे भरलेले चित्र जोडलेले नाही. मागे वळून पाहावे.
३) आत्याचा गोळा, डबीत, कापसात. याला सॉफ्टवेअर लागत नाही. डोळे मिटून नख फिरवावे. जिथे अडकेल, तिथे थांबावे.