बेगा बेगा निधाना

अहो,

प्रिय-बिय काही लिहीत नाही. जन्मात कधी तुम्हाला प्रिय म्हटलं नाही, आता म्हटलं तर वर बसून खो खो हसाल. 'अहो' म्हटलं की गिटारवरून तुमचं डोकं वर यायचं, तेवढं बस्स.

लिहायला बसले कारण कालपासून मला नुसती किळस येतेय. सकाळचं उप्पिट्टु तसंच झाकून ठेवलंय, घास जात नाही. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? संजूला फोन केला, तर तो म्हणतो, "आई, तू उगाच चिडतेस." उगाच!

तुमचं वर्षश्राद्ध परवा घरीच झालं, नीट झालं, त्याची तक्रार नाही. पण काल संध्याकाळी तुमच्या मोहननं हॉल घेऊन तुम्हाला 'संगीतमय श्रद्धांजली' वाहिली. हो, तुमचा चुलतभाऊ मोहन, लग्नांत ऑर्केस्ट्रा घेऊन फिरणारा. तुम्ही वाजवायला लागलात की पडवीतून एक पाय ओढत लंगडत यायचा आणि म्हणायचा, "दादाचं लंगडं संगीत आलं!" तोच काल स्टेजवर ढसाढसा रडला. रडताना माइकपासून तोंड एक इंचभर बाजूला नाही गेलं हो त्याचं. "दादा माझे गुरू!" शी! माझ्या शेजारची बाई पदर डोळ्याला लावत होती आणि मी दाराकडे बघत होते.

आणि बॅनर? त्यावर काय छापलं होतं ठाऊक आहे? 'बाल्कनी संगीताचे साधक'! बाल्कन नाही, बाल्कनी! अय्यो, मला जागेवर बसवेना. पूर्वी मीही तेच समजले होते, कबूल. तुम्ही म्हणालात, "सरोजा, मी बाल्कन संगीत शिकतोय," आणि मी म्हटलं, "आपल्याला कुठे आहे बाल्कनी?" तेव्हा तुम्ही ॲटलास काढून बल्गेरिया, मॅसेडोनिया, सर्बिया असं सगळं बोट ठेवून दाखवलं होतंत. पण तुम्हाला गुरू म्हणणाऱ्या माणसाला एकदा वाचून बघता येत नाही?

फोटोही उलटा. गिटारची मान भलत्याच बाजूला, आणि वाढवलेली नखं डाव्या हाताला. तुमची ती नखं! त्यांच्यावरून मी आयुष्यभर तुमच्याशी भांडले. उजव्या हाताची नखं वाढवायची आणि मग भात-सारु चमच्यानं खायचा. सासूबाई म्हणायच्या, "राक्षसाच्या हाताला वाढायचं का मी?" मलाही घाण वाटायची, तेव्हाही आणि आताही, मेलात म्हणून काही ती गोड झाली नाहीत. पण ती उजव्या हाताला होती. घाण वाटायची म्हणून तर मला पक्कं माहीत आहे.

हे सगळं मी गिळलं असतं. मग त्यानं तुमचं वाजवलेलं लावलं.

आधी मला कळलंच नाही काय बिघडलंय. तुमची गिटार होती, सूर तुमचेच, त्या मॅसेडोनियाच्या लग्नातली तुमची आवडती धून. पण मागून ढोल, टाळ्या, कसला तरी घुमणारा आवाज. लोक पाय हलवायला लागले. मी मांडीवर बोटं धरली, तुम्ही शिकवल्यासारखी, आणि बोटं चुकली. पुन्हा धरली. पुन्हा चुकली. आणि मग कळलं. त्यानं तुमच्या सात ठोक्यांच्या तालात एक ठोका जास्तीचा घुसवला होता. आठ केले होते त्यानं! दर खेपेला शेवटी एक धप्प. जेवून उठलेल्या माणसाला धरून बसवावं आणि आणखी एक वाढावं, तसं.

सात कुठून आले होते, आठवतंय ना? मेटगळ्ळीला तुमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला तो बल्गेरियाचा इंजिनियर आला होता. कँटीनमध्ये जेवणाची वाट बघताना चमच्यानं टेबलावर काहीतरी वाजवत बसायचा. तुम्ही घरी येऊन आठवडाभर पोळपाटावर तेच बडवत बसलात, आणि बसेना. गल्लीतल्या वीणा शिकवणाऱ्या टीचर म्हणाल्या, हा तर आपल्या कर्नाटक संगीतातला सात मात्रांचा चापू ताल, तकतक करून मोजा. तुम्ही मान डोलावलीत, पण मनासारखं होईना. "तो बसून वाजवायचा ताल, सरोजा. हा उभा राहतो."

आणि मग एक दिवस मी सवयीप्रमाणे स्वयंपाकघरातून ओरडले, "बेगा बेगा!" कानडीत लवकर म्हणायचं ते आपल्या घरात मराठी बोलतानाही तसंच. सारु थंड होत होता. आणि तुम्ही आतून उत्तर दिलंत, नेहमीसारखं, "निधाना!" सावकाश म्हणे. मग एकदम गप्प झालात. मग हसलात. मग मोठ्यानं, टाळी देत: बे-गा, बे-गा, नि-धा-ना. दोन, दोन आणि तीन. बसला की हो ताल! मी लाटणं घेऊन दारात, आणि तुम्ही टाळ्या पिटताय. मला वाटलं माणूस गेला कामातून.

त्यानंतर तुम्ही इंटरनेटवर तुमच्या चॅनलवर चढवलेलं एकही रेकॉर्डिंग त्याशिवाय सुरू झालं नाही. फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा, नखं पुसायची, आणि मला खूण करायची. मी आतून "बेगा बेगा", तुम्ही "निधाना", की गिटार सुरू. मधे कुकरची शिट्टी, मधे मी कुणाला तरी सांगतेय की दूध नको आज. बोगादीत तेव्हा आपल्या घरापुढे घरं बांधत होते, त्या मिक्सरची घरघरही आहे एकात. मला लाज वाटायची. "जगभर ऐकतात म्हणता, आणि माझा आरडाओरडा घालता?"

संजूनं बेंगळुरूहून तो चांगला माइक आणून दिला, तो तुम्ही दोनदा वापरून कपाटात ठेवलात. का, तर म्हणे, "ह्यात स्वयंपाकघर येत नाही." मी म्हटलं, कसली थेरं ही! आता कळतंय, थेरं नव्हती. तुम्हाला ते हवं होतं.

आणि तिकडच्या लोकांना काय वाटलं होतं? ती मॅसेडोनियाची बाई, दर रेकॉर्डिंगखाली लिहायची ती. तिला वाटलं बेगा बेगा निधाना हे कुठलं तरी जुनं गाणं आहे आणि मी गायिका आहे! अर्थ विचारत होती. तुम्ही काय लिहिलंत? "माझ्या बायकोचं गाणं आहे, फार जुनं." लबाड! त्यावर तिनं लिहिलं की तिची आजीही आजोबांना अशाच हाका मारायची आणि तेही कधी वेळेवर यायचे नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे तुमचं बाल्कन-फिल्कन काही अगदी परकं नाही.

तर मोहनच्या त्या धुनेत मी नव्हते. तुम्ही नव्हतात. कुकर नाही, दूधवाला नाही, बेगा नाही, निधाना नाही. सगळं खरवडून काढलेलं. तोंड धुऊन, पावडर थापून, तिरडीवर ठेवलेल्या माणसासारखं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

जेवताना मोहन पानाशी आला. तोंडात तिखट खाराभात आणि बोलतोय. "वहिनी, उद्या दुपारी येतो. दादाचा फोन द्या. चॅनलवरचा तो कच्चा माल काढून टाकू आणि हे चढवू. दादाचं नाव होईल." संजूही म्हणतो, दे आई, अप्पांचं नाव होईल. नाव! तुम्ही नावासाठी वाजवत होतात? कुणी विचारलं, कशाला वाजवता, तर "सुम्ने" म्हणायचात. उगाच, आपलं असंच. आता तो फोन माझ्या पुढ्यात आहे. एकदा काढून टाकलं की संपलं म्हणे, परत येत नाही. आणि तुमचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठेच नाही. तुम्ही फोटोत आहात, आवाज ह्या फोनमध्येच आहे.

थांबा, बेल वाजली. आला वाटतं.

गेला तो आत्ता. जे झालं ते लिहिते.

कॉफी दिली. हो, दिली, तुमच्या घरी आलेला माणूस आहे. तो म्हणाला, "वहिनी, फोन?" मी म्हटलं, "आधी ह्या टेबलावर ती धून वाजवून दाखवा. दादांची." मला वाटलं होतं, जमणार नाही त्याला. चुकेल, आठवर जाऊन पडेल, मग मी चार शब्द सुनावीन आणि मन शांत होईल. सकाळपासून शब्दही जुळवून ठेवले होते.

त्यानं कप बाजूला केला आणि वाजवलं. बिनचूक! दोन, दोन, तीन. डोळे मिटून, तुमच्यापेक्षाही सफाईदार.

"म्हणजे येतं तुम्हाला?"

"येतं म्हणजे? मी धंद्यातला माणूस आहे, वहिनी. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग लंगडं म्हणत होतात ते?"

"ते आपलं दादाला चिडवायला."

"आणि आठ का केलेत?"

"लोकांना सातावर नाचता येत नाही हो. आठावर येतं."

अहो, मला वाटलं होतं त्याला कळत नाही. न कळणाऱ्याला माफ करता येतं. ह्याला सगळं कळत होतं! तुम्ही त्याच्यासमोर दरवेळी पहिल्यापासून समजावत बसायचात, त्याला कळावं म्हणून धून हळू करून दाखवायचात, आणि हा सगळं कळून लंगडत फिरायचा. आणि कळूनच त्यानं तो ठोका घुसवला. थू! खरंच थू म्हणाले मी, तोंडावर. आपल्या घरात आलेल्या माणसाला जन्मात पहिल्यांदा.

तो कप बशीत फिरवत म्हणाला, "सुरुवातीचं ते, तुमचं आणि दादाचं, ते मी कापलं कारण ऐकवेना. दादा निधाना म्हणतो आणि पुढे मला काही करता येईना. दोन दिवस मशीन बंद ठेवलं."

"मग तिथं रडायचं होतं," मी म्हटलं. "एकट्यानं. हॉल कशाला घेतलात?"

फोन मागितला नाही पुन्हा. दारात चपला घालताना म्हणाला, त्याचं ते आठाचं तो स्वतःच्या नावावर ठेवील, दादाच्या नावावर नाही. ठेवा म्हटलं. कॉफी अर्धी सोडून गेला. कीव आली का मला? आली असेल थोडी. पण किळस गेली नाही, आणि जायलाही नको. मला ती हवी आहे, नाहीतर उद्या परत कुणी गोड बोलून फोन मागेल आणि मी देऊन बसेन.

संजूलाही फोन केला. म्हटलं, अप्पांचा तो पहिला तुकडा लाव, ज्यात मी दुधाला नको म्हणतेय, आणि शेवटपर्यंत ऐक. तासाभरानं त्याचा फोन आला. "नको देऊस, आई." एवढंच.

मग मी तुमचं चॅनल उघडलं. हॉलमधल्या कुणीतरी मोहनची धून काल रात्रीच इंटरनेटवर टाकली होती, ती त्या मॅसेडोनियाच्या बाईनं ऐकली होती. तुमच्या रेकॉर्डिंगखाली तिनं लिहिलं होतं, ते मशीननं मराठीत करून दाखवलं: "ती नवी धून छान आहे, पण बाई कुठे गेली?"

बाई कुठे जाईल हो? बाई इथेच आहे, बोगादीत, आणि अजून तिचा आवाज खणखणीत आहे.

फोन साखरेच्या डब्याला टेकवला. कुकर लावला. बटण दाबून ओरडले, "बेगा बेगा!" आणि थांबले. तुमच्या तीन ठोक्यांची जागा सोडली. कुणी काही म्हणालं नाही. शिट्टी झाली. परत म्हटलं, परत जागा सोडली. तसंच चढवून टाकलंय, कच्चंच. ज्याला निधाना म्हणायचं असेल त्यानं आपापल्या घरी म्हणावं.

एक विचारू? त्या सकाळीही मी हेच ओरडत होते ना? डोसा तव्यावर होता आणि मी "बेगा बेगा". तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मला वाटलं, तारा लावत असाल. आत आले तर खुर्चीत तुम्ही होतात आणि नव्हतात. चाळीस वर्षं ओरडले, कधी वेळेवर पानावर आला नाहीत. एकदाच माझं ऐकलंत, अन् ते ह्यासाठी? अशी घाई करतं का कुणी?

असो. वचन देते. तुमचा एक ठोका कुणाला वाढवू देणार नाही, एक कमी करू देणार नाही. कुकर राहील, दूधवाला राहील, ती नखंसुद्धा उजव्याच हाताला राहतील. फोन माझ्या उशाशी राहील, आणि माझ्यानंतर संजूच्या.

आणि तुम्हीही एक वचन द्या. तिथून मला हाका मारायच्या नाहीत. मला इथं कामं आहेत. तुम्ही कितीही बेगा बेगा केलंत तरी मी येणार ती निधाना.

तुमची,
स्वयंपाकघरातली गायिका,
सरोजा