थैली तीच, तर बातमी नाही

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की उल्हासनगरच्या आपल्या क्लासच्या जागी आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. इथे कधीकाळी वेबसाइट बनवायला शिकवायचे, असं मी मालकाला सांगितलं तर तो नुसता हसला. मीही हसलो आणि गरज नसताना एक कव्हर घेऊन आलो. जिना मात्र तोच. खालच्या कारखान्यात जीन्स शिवायच्या मशिनी सुरू झाल्या की वर आपली बाकं थरथरायची आणि तुम्ही म्हणायचात, "डरो मत, बिल्डिंग नाही पडत, तुमचा कोड पडतो." पहिल्या दिवशी तुम्ही मला पापड आणि पाणी दिलंत, तुमच्या सिंधी घरात पाहुण्याला देतात तसं. विचारलंत, "किती शिकलास?" मी म्हटलं, "बारावी, अर्धी." "मग उरलेली अर्धी?" "फिरत होतो." तुम्ही दुसरा पापड पुढे केलात.

तसं शिकवणं मी नंतर कुठेच पाहिलं नाही, आणि मी गोकर्णापासून इंदूरपर्यंत भटकलोय. (इंदूरच्या पोह्यांवर तुम्हाला वेगळं लिहायला हवं. असो.) स्क्रीन चुकीचं दाखवायला लागली की तुमच्याकडे कीबोर्डला हात लावायचा नाही, उठून उभं राहायचं आणि एकेकाने प्रोग्रामचा एकेक भाग व्हायचं. मी स्क्रीन होतो, भिंतीला टेकून. समोर अंबरनाथहून येणारी ती बॉयकटवाली, तिच्या हातात कापडी थैली, आत दोन शर्ट. पुस्तकं ज्याला स्टेट म्हणतात, म्हणजे पानाजवळ त्या घडीला असलेली माहिती, ती तुमची थैली. ती गुपचूप तिसरा शर्ट आत सरकवते आणि थैली माझ्यापुढे धरते. तुम्ही विचारता, "हां स्क्रीन, कितने शर्ट?" मी म्हणतो, "दोन." "तीन आहेत रे, आंधळ्या!" ती ओरडते, सगळा वर्ग हसतो. आणि तुम्ही वळता तिच्याकडेच. "त्याला का बोलतेस? थैली वही है ना? दरवेळी आत हात घालून मोजत बसला तर त्याचा दिवस जाईल. तो फक्त बघतो, थैली बदलली का. माल बदलला तर नव्या थैलीत भर आणि मग दे." ती नवी थैली भरते, मी ती बघून दचकल्याचं नाटक करतो, उघडून मोजतो, "तीन!" तो धडा त्या दिवशी माझ्या अंगात शिरला, डोक्यात बऱ्याच उशिरा.

एकदाच तुम्ही मला खरं झापलंत. माझं पान जुना आकडा दाखवत होतं, मी म्हटलं, "मॅडम, रिफ्रेश मारला की होतंय ना बरोबर." तुम्ही खुर्ची फिरवलीत. "रिफ्रेश म्हणजे डोळे चोळणं. चोळल्यावर दिसलं, म्हणजे डोळ्यात काहीतरी गेलंय. ते काढ." मला राग आला होता. आज तेच वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते. सध्या मी बदलापूरला मांजर्लीत मित्राकडे राहतो, तळमजल्यावर. मित्र अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, घरी त्याची आई. काकूंचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. नदी चढली की आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी तळमजला बुडतो, म्हणून मी सोसायटीला एक पान बनवून दिलं होतं. तळमजल्यावरच्या प्रत्येक माणसाचा एक चौकोन. माणूस खाली असेल तर लाल, वर आला की हिरवा. सगळ्यांच्या फोनवर एकदमच बदलायचा. यंदा दुपारी पाणी फाटकात आलं तेव्हा आम्ही काकूंना दुसऱ्या मजल्यावर नेलं, चौकोन हिरवा झाला, मी वर इतरांचं सामान चढवत होतो. तेवढ्यात मित्राचा फोन. "आई फोन उचलत नाहीये." मी ते पान बघून म्हटलं, "अरे, हिरवी आहे ती." म्हटलं आणि का कोण जाणे, रिफ्रेश मारला. लाल.

काकू गॅस बंद केला का बघायला परत खाली गेल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी त्यांना उतरताना बघून "परत खाली" बटण दाबलं आणि फोन खिशात टाकून पोती उचलायला गेले. बातमी दिली होती, पोचली कुणालाच नव्हती. मी ओरडत खाली धावलो, मागून दोघं. घरात पाणी गुडघ्याच्या वर, आणि काकू दिवाणावर उभ्या, लोणच्याची बरणी छातीशी धरून. "आलात? मला वाटलं, आता पोहायलाच शिकावं लागतंय." खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. बरणीही आणली.

मग जिन्यातच बसून मी कोड उघडला. नजर सरळ तुमच्या थैलीवर गेली. वर येणाऱ्यांसाठी मी दरवेळी चौकोनांची नवी यादी, म्हणजे नवी थैली, बनवत होतो, ते चालत होतं. पण वर आलेलं माणूस परत खाली जाईल हे मी धरलंच नव्हतं. ते बटण मागून, घाईत जोडलेलं, आणि तिथे जुन्याच यादीत आतल्या आत बदल केला होता. थैली तीच. सगळ्यांच्या स्क्रीन बिचाऱ्या भिंतीला टेकून म्हणत होत्या, हिरवी. एक ओळ बदलली, आता तिथेही नवी यादी. मित्र चिखलाने भरून पोचला, आईला बघितलं, थैलीचा घोळ ऐकला, मग मला म्हणाला, "हे तुला कोणी शिकवलं रे?" मी तुमच्याबद्दल सांगायला लागलो आणि पापडावरच अडकलो.

हे पाठवायचं कुठे, त्या कव्हरवाल्याकडे? राहू दे माझ्याकडेच. फक्त एक सांगतो, रागावू नका. पान आता बरोबर चालतं, मी हजारदा बघितलंय. तरी पाणी चढलं आणि काकूंचा चौकोन हिरवा झाला की मी खाली उतरून त्यांचं दार वाजवून येतो. अजून रिफ्रेशच मारतो, मॅडम.