विहिरीवर पाहुणीचं नाक

सोमवार

पहिली आली ती नाम्बेवे, गावातली सगळ्यात जाडी आणि सगळ्यात आगाऊ. माझं गाठोडं बसमधून उतरायच्या आतच म्हणते, अगोगो, आजीबाई, पाय मग धुवा, आधी नाक चालवा! मी हसून हसून वाकले. इथली रीतच तशी. विहिरीचं पाणी रोज सकाळी नव्या पाहुणीनं हुंगायचं, गावकऱ्यांची नाकं सरावलेली ना. चांगलं असलं तर खांबाला पांढरं फडकं, वाईट असलं तर लाल. लाल असलं की कुणी घागर बुडवायची नाही. माझी नात तामांडा, पोट हे एवढं पुढे, म्हणाली, आजी आली बाळासाठी नि अडकली विहिरीला. जेवायला मक्याच्या पिठाची एन्सिमा आणि सुकी उसिपा मासळी. पोरीचा हात मिठाला सैल, पण असो. पांढरं फडकं लावलं. काय तो मान, बाई!

बुधवार

शहरातून दोघे आले, शर्टाला कडक इस्त्री. फडकी जुनी झाली, देऊन टाका म्हणाले. विहिरीत यंत्र सोडलं, आता पाणी कसं ते फोनवर येणार. पिणाऱ्या प्रत्येकाचं नाव फोनात घातलं. माझं नाही, मी पाहुणी. मागितलेली वस्तू दोन्ही हातांनी द्यायची नि मागे काही ठेवायचं नाही, म्हणून बायकांनी सगळी फडकी देऊन टाकली. नाम्बेवे म्हणाली, अगोगोचं नाक पेन्शनीत गेलं!

शुक्रवार

फोन म्हणतो, पाणी चांगलं. मी हुंगलं आणि तिथंच ओकले. मेलेल्या माशाच्या पोटासारखा वास. घागरीत पिवळी, शेंबडासारखी तार. ओढली तर तुटेना. माशी पडली तरी घागर ओतून देणारी ती नाम्बेवे गटागट प्यायली, ओठांवरचं चाटलं. म्हणे, मधासारखं आहे, तुमचंच नाक सडलं.

रविवार

माझ्या डोक्याचं लाल फडकं खांबाला बांधलं. हसले सगळे. त्यांनीच सोडून टाकलं. पाणी उकळलं तर पेजेसारखं दाटलं, वर फुगे. तामांडा तेही प्यायली. मी मडकं लपवलं तर मला ढकललं तिनं. माझ्या तामांडानं! तिच्या घामाला तोच वास. मी नुसती आंब्यांवर आहे.

सोमवार

मुलगी झाली! केवढं जावळ! पण तामांडाच्या छातीतून दूध नाही आलं. तीच तार. बाळानं तोंड फिरवलं, किंचाळलं. शहाणी गं माझी, तुलाही वास येतो. शेळीचं दूध बोटानं चाटवलं. हिला तरी वाचवीन.

मंगळवार

ते दोघे आले. बाळाचं अभिनंदन म्हणाले. नाव घालायला फोन काढला— मी आडवी आले— नाम्बेवेनं मला धरून ठेवलं, हात चिकट—

नाव घातलं. बाळाचं रडणं थांबलं.

चोखतेय. हनुवटीवर तार लोंबतेय. हसतेय—

जाताना म्हणाले, आता नाव घालायच्या एकट्या अगोगोच राहिल्या. गुरुवारी येतो—