खालच्या कप्प्यातला डबा

३ मार्च, सोमवार

लेक आणि जावई दोन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतात. "आई, त्यांना सांग, मीठ द्या म्हणावं." मीठ तिच्याच कोपराशी होतं.

कारण मासा. जावई कच्च्या माशाच्या खानावळीत कारागीर आहेत. गिऱ्हाइकांसमोर उभं राहून कागदासारखे काप काढतात आणि लोक ते तसेच खातात, चुलीवर न चढवता. सत्तावीस तारखेला माझ्या नातीला, भिंगरीला, पाच वर्षं पूर्ण होतील. त्या दिवशी तिला उंच स्टुलावर बसवायचं आणि पहिला कच्चा काप आपल्या हातानं भरवायचा, हे जावयांनी ती जन्मली तेव्हाच ठरवलंय म्हणे. त्यांच्या वडिलांनी त्यांना तिसऱ्या वर्षीच भरवला होता. त्यावर लेक — "तुमच्या वडिलांनी तुम्हाला पोहायला शिकवायला विहिरीतही ढकललं होतं. तेही करायचं का?"

शेवटी जावई म्हणाले, "आई, तुम्हीच ठरवा. तुम्ही मासा खात नाही, तुमचा कुणाकडे ओढा नाही." लेक म्हणाली, आई म्हणेल ते.

मी खर्चाच्या वहीचं मागचं कोरं पान घेतलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'द्यावा', उजवीकडे 'देऊ नये'. मॅट्रिकला गणितात पंच्याऐंशी होते. त्यांचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

मंगळवारी खानावळ लवकर बंद होते. जावई लेकीसाठी एक डबा आणून ठेवतात आणि झोपायला जातात. ती कचेरीतून संध्याकाळी येते. तोवर डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. तो कप्पा माशांचा. मी त्याला हात लावत नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

लावते. वहीत लिहायला हरकत नाही, देवाला सांगितलेलंच आहे. जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी भिंगरी कप्प्यासमोर बसून रडायला लागली — "आईचा पांढरा मासा हवा." भात नको, आमटी नको. डबा उघडून पाहिला. पांढरेशुभ्र तुकडे, चांगले शिजलेले, वर कांद्याची चकती. वेगळा चमचा घेतला, चार तुकडे दिले. तेव्हापासून दर मंगळवारी चार. शिजलेला मासा पोराला चांगला असं जावईच म्हणतात. त्या चमच्याला मी दोरा बांधून ठेवलाय, इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून. भिंगरीला बजावलंय, आईला सांगायचं नाही.

आजही चार दिले.

६ मार्च, गुरुवार

भाजी घेऊन येताना मासळीवालीपाशी थांबले. तिला वाटलं वाट चुकले. विचारलं, तुझी पोरं कितव्या वर्षी कच्चा मासा खायला लागली? ती म्हणाली, "अजून नाही लागली. धाकटा एकवीसचा आहे. मी विकते ना आजी, मला माहीत आहे."

उजवीकडे लिहिलं.

परत निघाले तर मागून म्हणते, "तुम्ही सुरुवात करताय का?" शेजारची हसली. मी पिशवी सावरली.

१० मार्च, सोमवार

भिंगरीला खोकला होता म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खोकल्याचं दोन मिनिटांत झालं, मग पान उघडलं. बाई आधी वहीकडे पाहत राहिल्या, मग सरळ बसल्या.

त्या म्हणाल्या: पाचाच्या आत मी तरी नकोच म्हणेन. लहान पोटाची ताकद कमी. मोठ्या माणसाला जे दोन दिवस जुलाबावर सुटतं, ते पोराला दवाखान्यात झोपवतं. मासा कडक थंडीत आठवडाभर गोठवला तर त्यातले जंत मरतात, पण जिवाणू मरत नाहीत, नुसते झोपतात. पाचानंतरही मूल धडधाकट हवं, मासा खात्रीच्या हातचा हवा, आणि घाई नको.

"आणि शिजवलेला?"

"तो खुशाल द्या हो."

मन हलकं झालं. चालत घरी आलो. रिक्षा वाचली.

११ मार्च, मंगळवार

डबा आला. चार दिले. खोकला कमी आहे.

१२ मार्च, बुधवार

काल रात्री जेवताना डब्यावरून जुंपली. बोलायला लागलेत, एवढं तरी झालं.

लेक म्हणाली, "बायकोला सात तुकडे. गिऱ्हाइकाला असं वाढता का?" जावई म्हणाले, "मोजून बारा घालतो." "मग पाच कुठे गेले? पाय फुटले?" "माशाला पाय नसतात." "जिभेला हाड नसतं तसं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मला काय विचारता, मी त्या कप्प्याला हात तरी लावते का. भिंगरी ताटात मान घालून जेवत होती. तिनं तोंड उघडलं नाही. पोरीला मीच तयार केलंय.

नंतर जप करायला बसले. मणी दोनदा चुकले.

१६ मार्च, रविवार

निकाल दिला. चहा झाल्यावर दोघांना बसवलं आणि पान वाचलं. डावीकडे दोन ओळी: वडिलांनी जावयांना तिसऱ्या वर्षी दिला आणि ते जगले, जावयांचा हात स्वच्छ आहे. उजवीकडे पान भरून खाली समासात गेलंय.

डॉक्टरीणबाई पाच म्हणाल्या. मी सहा ठरवले. घरात कुठलीही गोष्ट लागते त्यापेक्षा एक जास्त ठेवायची ही माझी रीत आहे. सहा पूर्ण, एक दिवस अलीकडे नाही, तोवर जिभेलाही लावायचा नाही. खाली तारीख टाकली, तिघांनी सह्या केल्या.

जावई बराच वेळ पेनाचं टोपण लावत होते. मग म्हणाले, "आईंचा शब्द." त्यांनी भिंगरीसाठी लहानसा पाट आणि चाकू आणून ठेवलाय, असं लेक नंतर म्हणाली. मला वाईट वाटलं. पण पोरगी वाचली, हे मोठं.

२७ मार्च, गुरुवार

खानावळीत गेलो. भिंगरी उंच स्टुलावर, पाय लोंबकळत. जावयांनी उकडलेल्या माशाचे काप काढले, अगदी कच्च्यासारखे पातळ, आणि पहिला तिला भरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. ते कांद्याकडे बोट दाखवत होते.

भिंगरीनं चावला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हा कोरडा आहे. आपला मऊ असतो."

मी सहज विचारावं तसं जावयांना विचारलं, मंगळवारचा तो पांढरा मासा किती वेळ शिजवता?

ते म्हणाले, "तो कुठला शिजवतोय, आई. नुसता लिंबाच्या रसात ठेवतो. रसानं पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो. आहे कच्चाच. म्हणून तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, भिंगरीचा हात पोचला तरी झाकण निघत नाही. आणि तुम्ही तर हात लावतच नाही."

मी बरं म्हणाले.

बारा मंगळवार. अठ्ठेचाळीस तुकडे.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ताप, उलटी, पोटदुखी, सगळं विचारलं. काही नाही म्हटल्यावर म्हणाल्या, नशीब. आता बंद करा, लक्ष ठेवा, आणि घरी सांगा.

सांगितलं. सह्यांचा कागद मधे ठेवून सांगितलं. लेक उठून आत गेली, भिंगरीचं पोट दाबून पाहून आली. जावई म्हणाले, "चूक माझी. डब्यावर लिहायला हवं होतं." मग वहीच्या समासात बोटानं हिशेब करत बसले. "आई, भिंगरीचे चार. माझे बारा, हिचे सात. एक जमत नाही."

मी म्हणाले, मोजण्यात चुकलं असेल तुमचं.

२९ मार्च, शनिवार

मोजण्यात चुकलं नव्हतं. पहिल्या मंगळवारी, पोरीच्या घशात काटा जाऊ नये म्हणून, एक तुकडा मी आधी चावून पाहिला. काटा नव्हता. पुढचे अकरा मंगळवारही मी काटाच पाहत होते, असं आजवर देवाला सांगत आले. आज संध्याकाळी जावयांना सांगणार आहे.